डांबरी शिंगल्सचा भाव

पचमढीच्या एका रिसॉर्टवर शुभमला डांबरी शिंगल्सचं, म्हणजे कौलांसारख्या पातळ डांबरी तुकड्यांचं, उतरतं छप्पर दिसलं आणि त्याच्या डोक्यात तेच बसलं. आई एकटी राहते त्या सौंसरच्या घराचा स्लॅब पावसाळ्यात पाझरतो, तर त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारायचा, वर शिंगल्स ठोकायच्या, आईला कोरडंठाक घर द्यायचं. पोरगं गुणाचं, पण दुसऱ्याचं ऐकून घेईल तर शपथ. आई, म्हणजे उषाबाई, नुसतं हो-हो म्हणत राहिल्या.

आता उतरत्या छपरावर कोण बसेल, सांगा? उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या कुरड्या न् मुंगवड्या उषाबाईंच्या गच्चीवर वाळतात, कारण बाकीच्यांच्या घरांवर टिनाचे पत्रे. रामाकोना गावची नणंदही मुद्दाम येते. नवरा गेल्यापासून एरवी वर्षभर भिंतींशी बोलणाऱ्या उषाबाई त्या दिवसांत पोटभर बोलून घेतात. ते सारं जाणार म्हणून त्यांचा जीव नुसता कासावीस झाला होता. पण पोराला सांगायचं कसं? एवढ्या हौसेनं करून राहिला बिचारा.

नागपूरहून श्रीधर ठेकेदार आला, गच्ची मोजून खाली उतरला. शुभम बाहेर फोनवर होता. उषाबाईंनी चहा देता देता श्रीधरला गाठलं.

"किती लागन, भाऊ?"

"सांगाडा, त्याच्यावर प्लायवूड, मंग शिंगल्स, मजुरी. सारं धरून पावणेतीन लाख."

"एवढंच?" उषाबाईंचा चेहरा पडला. "जरा वाढवा ना."

श्रीधरचा कप हातातच राहिला. "काकू, लोक कमी करा म्हणतात."

"म्हनू द्या. तुमी चार सांगा. पोरगा भ्याला पाहिजे."

तेवढ्यात शुभम आत आला. श्रीधर गडबडला आणि खरंच चार लाख बोलून गेला. शुभमनं मोबाईलवर हिशोब केला.

"ठीक हाय," तो म्हणाला. "गाडी पुढच्या वर्षी घेऊ."

झालं. उषाबाईंना उमगलं, पोराच्या गाडीवर आपणच नांगर फिरवला की.

"चार नाई लागत रे. मीच वाढवाले लावले," त्या म्हणाल्या. "मले छप्परच नाई पाहिजे. मले माही गच्ची पाहिजे. बायका येतात, त्यांच्या भरोशावर मी जगून राहिली."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू साऱ्यायले भाव विचारून राहिला. मले कुठं काई विचारलं?"

श्रीधर हळूच म्हणाला की स्लॅबला नुसतं वॉटरप्रूफिंग केलं तरी पाणी थांबेल, आणि खर्चही फार नाही.

"अजून काय पाहिजे, आई?" शुभमनं विचारलं.

उषाबाईंना उत्तर शोधावं लागलं नाही.

"जिन्याले कठडा लावून दे. शेजारच्या दिपालीच्या सासूचे गुडघे गेले. मागच्या उन्हाळ्यात तिले वर येताच आलं नाई. खालच्या पायरीवर बसून आमचं हासनं ऐकत होती."