पहाऱ्यावरचा खोकला

लेफ्टनंट डेव्हिन भोजनगृहातल्या टेबलांच्या मधून येत होता आणि त्याच्या मागे सार्जंट गेरटी. प्रत्येक टेबलाशी लेफ्टनंट क्षणभर थांबे आणि विचारी, "काही तक्रार?" टेबलावरचा सगळ्यांत जुना शिपाई मान वर न करता म्हणे, "नाही, सर." मग दोघे पुढे सरकत. चर्चमध्ये आमेन म्हणावं तसं हे रोज दुपारी चाले.

खिडकीजवळच्या टेबलाशी कॉर्पोरल मॅलकी टूहीने काटा ताटलीत ठेवला, खुर्ची मागे सारली आणि तो उभा राहिला.

"आहे, सर."

काट्या-सुऱ्यांचा आवाज थांबला. वाढायच्या खिडकीतून आचाऱ्याने डोकं बाहेर काढलं.

"जेवणाबद्दल?" लेफ्टनंटने विचारलं.

"नाही, सर. कोबीचा नेहमीसारखाच लगदा झालाय."

त्याच टेबलावरचा हिकी हसला. गेरटीने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याला ठसका लागला.

"त्या पहाऱ्यावर झोपलेल्या फॅरेलीबद्दल असेल तर खाली बसा, कॉर्पोरल," लेफ्टनंट म्हणाला. " सैन्यात दुसऱ्याची तक्रार मांडता येत नाही. दोघांनी मिळून मांडली तर ते बंड होतं. हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

"नको, सर. म्हणून माझ्या एकट्याचीच मांडतो. गेल्या आठवड्यात दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा देताना मी झोपलो होतो. उभ्या उभ्या. लागोपाठ तिसरी रात्र होती."

लेफ्टनंटचे कान लाल झाले. "काय कबूल करताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, सर. कमांडंटसाहेब फॅरेलीला म्हणाले, बाकीचे सगळे तेवढाच पहारा देतात, कुणाला झोप येत नाही, मग तुलाच कशी आली? तर मलाही आली. माणसाला तीन रात्री उभं करू नये, एवढीच माझी तक्रार."

"मग तुम्ही सापडलात कसे नाहीत?"

"पहारा बदलायला येणारा कोपऱ्यावर खोकला. मी जागा झालो."

"कोण खोकला?"

"दुसऱ्याबद्दल बोलायची परवानगी नाही, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅलकीने टेबलांवरून नजर फिरवली. सगळे आपापल्या बटाट्यांकडे बघत होते. त्याच्याशिवाय कुणी उभं राहिलं नाही.

"चल," गेरटी म्हणाला. "बाहेर चल, शहाण्या."

त्या छावणीत तो खोकला कुणी सुरू केला हे कुणाला आठवत नव्हतं. निम्मी पलटण शांतिसेनेत लेबनॉनला गेली की मागे उरलेल्यांच्या वाट्याला सगळे पहारे येत. पहारा बदलायला जाणारा शिपाई कोठाराच्या भिंतीच्या कोपऱ्यावर थांबून जोरात खोके. पलीकडच्याला डोळे उघडायला, बंदूक सरळ करायला तेवढा वेळ मिळे. मॅलकी स्वतः कित्येकदा असा खोकला होता, डेसी फॅरेलीसाठीही. पण त्या रात्री तिकडे एक अधिकारी गेला, आणि अधिकाऱ्यांना खोकायचं कुणी शिकवलं नव्हतं. डेसी भिंतीला टेकून घोरताना सापडला. शिपायांनी एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं होतं की कमांडंटला साऱ्या छावणीत एकच झोपाळू माणूस दिसला.

संध्याकाळी मॅलकी क्वार्टरवर आला तेव्हा ब्रीडा, त्याची बायको, पाव कापत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"उभा राहिलास म्हणे."

"कळलं?"

"दुकानात कळलं, शाळेत कळलं. आता पोपसाहेबांना तेवढं कळायचं राहिलंय." तिने पावाचा तुकडा बाजूला केला. "बाकीचे?"

"जेवले."

सुरी फळीवर आपटली. "पोलिसांना संघटना आहे. मास्तरांना आहे. बसवाल्यांना तर अशी आहे की महिन्यातून एकदा त्यांच्या संपापायी मला गावातून चालत यावं लागतं. आणि तुम्ही! बंदूक दिली की बंदूक धरायची, फावडं दिलं की फावडं. तोंड तेवढं दारावर काढून ठेवायचं."

"उद्या सकाळी पेशी आहे. कॉर्पोरलची फीत जाईल बहुतेक."

"जाऊ दे. नाहीतरी उसवली की मलाच परत शिवावी लागते."

दार वाजलं. डेसी फॅरेली आत आला आणि दाराशीच उभा राहिला. अंगाने थोराड माणूस, पण गेल्या काही दिवसांत त्याचा गणवेश त्याला ढगळ व्हायला लागला होता.

"तुला कुणी सांगितलं होतं रे?" तो म्हणाला. "मी आलो होतो का तुझ्याकडे?"

"नाही आलास."

"माझी बाजू मांडायला दिलेल्या कॅप्टनने सगळं ठरवलं होतं. मी माफी मागायची, बायको आजारी होती म्हणायचं. कदाचित सोडलं असतं. आता कमांडंट पेटलाय. उद्या मला काढलं तर क्वार्टर जाईल. नोराला आणि पोरांना घेऊन कुठे जाऊ मी? तिच्या आईच्या माळ्यावर?"

"नोरा आजारी होती?"

"नव्हती. धडधाकट आहे."

"मग उद्या तू खोटं बोलशील, माफी मागशील, आणि झोपाळू म्हणून एकट्या तुझं नाव राहील. पुढच्या महिन्यात दुसरा कुणी सापडेल. त्यालाही हेच विचारतील, तुलाच कशी झोप आली म्हणून."

"विचारू देत! मला घर हवंय, मॅलकी. तुझ्यासारखं ताठ मानेनं मरायचं नाहीये मला."

"चहा घे, डेसी," ब्रीडा म्हणाली.

"नको." तो गेला. दार त्याने आपटलं नाही, हलकेच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं असं मॅलकीला वाटलं.

ब्रीडाने शेगडीत पीटचं, त्या जळाऊ मातीचं, ढेकूळ टाकलं. "त्याचं चुकत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझंही चुकत नाही. खा आता."

सकाळी मॅलकी कमांडंटच्या कचेरीत पोचला. आरोपीला पेशीला टोपी आणि पट्टा काढून उभं करायची रीत होती. साहेबाला फेकून मारायला हाताशी काही राहू नये, असं जुने लोक सांगत. बाहेरच्या बाकावर फक्त डेसीची टोपी असेल, या हिशेबाने तो बोळात शिरला.

बाक टोप्यांनी भरला होता. बोळात भिंतीला लागून बोडक्या डोक्यांची रांग उभी होती. हिकी होता. ब्रॉस्नन बंधू होते. पागेकडचा म्हातारा क्विर्क होता, त्याचं टक्कल मॅलकीने प्रथमच पाहिलं.

"शेवटी उभा राहा, टूही," गेरटी म्हणाला. त्याने दाढीसुद्धा नीट केली नव्हती. "कालपासून माझ्या दारात नुसती रीघ लागलीय. एक जातो, दुसरा येतो. 'सार्जंट, मीही झोपलो होतो.' आणि एकटाच येतो हं प्रत्येक जण! ब्रॉस्नन एका खोलीत राहतात, तरी वेगवेगळे आले. आचारीसुद्धा आला होता."

"त्याने कधी पहारा दिला?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणे, पहारा नाही दिला, पण झोपतो भरपूर. हाकलला त्याला."

मॅलकीने टोपी काढून बाकावर ठेवली, पट्टा ठेवला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याला जागा देण्यासाठी रांग थोडी सरकली. सगळ्यांत पुढे डेसी होता. त्याची मान खाली होती.

दार उघडलं. गेरटीने पावलांच्या तालावर ओरडत डेसीला आत नेलं. दार उघडंच राहिलं. कमांडंट लाव्हेल टोपी घालून टेबलामागे बसला होता आणि बाजूला तो कॅप्टन तयारीत उभा होता. कमांडंटने आरोप वाचला आणि दरवेळी विचारायचा तो प्रश्न विचारला.

"तुझ्या बाजूने कोण बोलणार?"

हवा तो माणूस निवडायचा हक्क आरोपीला होता. पण आजवर सगळे म्हणत आले होते, आपण द्याल तो अधिकारी, सर. कॅप्टनने घसा साफ केला.

मागून डेसीच्या मानेची शीर तेवढी दिसत होती.

"कॉर्पोरल टूही, सर."

"तो स्वतः आरोपी आहे."

"निवड माझी आहे ना, सर?"

कमांडंट उठून दारापर्यंत आला. त्याने रांगेवरून नजर फिरवली. "हिकी. तुझ्या बाजूने?"

"टूही, सर."

"ब्रॉस्नन?"

"टूही, सर."

"तू, दुसरा?"

"मी स्वतंत्रपणे विचार केला, सर. टूही."

कमांडंटने पुढे विचारलं नाही. "हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत?" तो हळू आवाजात म्हणाला. या प्रश्नाला हो म्हटलं तर काय होतं, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"नाही, सर," गेरटी म्हणाला. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "एकेकटेच आले. माझी साक्ष आहे."

कमांडंट जागेवर जाऊन बसला. कॅप्टनने हातातला कागद दुमडला, पुन्हा उलगडला.

"सर, एक अडचण आहे," गेरटी म्हणाला. "आरोपीला बोडका आणायचा असतो. बाजू मांडणारा टोपी घालून येतो. टूहीला कसा आणू?"

कमांडंटने समोरचा आरोपाचा कागद सरळ केला. अंगणात एक ट्रक चालू होता होता बंद पडला.

मॅलकी रांगेतून बाहेर आला. बाकाशी जाऊन त्याने एक टोपी उचलली, ती हिकीची निघाली, ती ठेवून आपली घेतली. आधी पट्टा आवळला. मग टोपी घातली आणि बिल्ला डाव्या डोळ्यावर येईल अशी सारखी केली. गेरटीने ताल धरला नाही. मॅलकी आपल्या चालीने आत गेला आणि डेसीच्या शेजारी उभा राहिला.

त्याने सलाम केला. समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो. हा सलाम घेतला की मॅलकी बाजू मांडणारा म्हणून मान्य झाला, पण कमांडंटचे दोन्ही हात टेबलावर होते. मॅलकी हात कपाळाशी तसाच ठेवून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. कालची रात्रभर तो छान झोपला होता.