सहादूचा एक हप्ता

बन्सीच्या घराची मागची भिंत गेल्या आषाढात बसली, तेव्हापासून राहीबाई आणि तिची पोर निकिता गाईच्या गोठ्यात झोपतात. बन्सी आपला ओसरीला. वैशाख अर्धा सरला तरी भिंत तशीच होती, आणि त्या सकाळी राहीबाई पडक्या भागाला चिखल थापता थापता नवऱ्याला फैलावर घेत होती. आम्ही शेजारी. मधे नुसतं काट्यांचं कुंपण, त्यामुळे भांडण ऐकायला मुद्दाम कान लावावा लागत नाही.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की पावसाच्या आत घर उभं राहिलं पाहिजे. गावठाणात जागा होती, ऊस कारखान्याला जात होता, आणि सोनईची बँक जागा तारण घेऊन घराला कर्ज देत होती. गावातल्या नोकरदारांची दोन घरं तशी झालीही होती. मग आपलंच घोडं कुठं अडलंय, असं ती विचारत होती.

बन्सीनं चार दिवस पोटात दाबून ठेवलेलं मग बाहेर काढलं. तो बँकेत जाऊन आला होता. मॅनेजरसाहेबांनी जागेचा उतारा बघितला, चांगला आहे म्हणाले, आणि मग मागच्या गाईच्या कर्जाचं खातं काढलं. त्यात जवळजवळ वर्षभराचे हप्ते थकलेले होते. बन्सी म्हणाला, साहेब, नंतर व्याजासकट सगळे भरले की. साहेब म्हणाले, भरलेत ते दिसतंय, थकवलेत तेही दिसतंय. आता आमच्याच शाखेत ज्याचा एकही हप्ता थकला नाही असा जामीनदार आणा, तर तुमचं प्रकरण नगरच्या हेड ऑफिसला पाठवतो.

आता असा माणूस आमच्या गावात मिळायचा कुठून? आमचे सगळ्यांचेच हप्ते एकदम थकले होते, आणि ते गरिबीनं नव्हे, ठरवून. नव्वद साली कर्जमाफी झाली तेव्हा ज्यांनी इमानेइतबारे भरलं होतं ते येडे ठरले, हे गावाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून पुढच्या निवडणुकीचं वारं सुटलं तसं मारुतीच्या पारावर ठरलं, की गाईचा हप्ता कुणीच भरायचा नाही. माफी आली की सगळ्यांना सारखी येईल. पण हप्ता दुधाच्या पगारातून डेअरीच कापून बँकेत भरायची. त्यावरही तोड निघाली. ज्यानं त्यानं आपलं दूध भावाच्या, सासूच्या, चुलत्याच्या नावावर घालायचं. आमचं दूध तर वारलेल्या आजीच्या नावावर जात होतं आणि तिच्या पगाराला आम्ही अंगठाही उठवत होतो. डेअरीचा चेअरमन तेव्हा बन्सी, आणि ही अक्कल त्याचीच. माफी काही आली नाही. बँकेची जीप आली, तेव्हा सगळ्यांनी मुकाट्यानं भरलं.

न ऐकणारा एकटा सहादू, बौद्धवस्तीतला. तो पारावर येऊन म्हणाला होता, माझा हप्ता कापीत जा, मला माफी नको. दुसऱ्या सकाळपासून त्याच्या दुधाला फॅट लागेना. डेअरीवरचा मच्छिंद्र दूध तपासायचा, मान हलवायचा आणि किटली परत सरकवायचा. हे बन्सीच्या सांगण्यावरून चाललंय हे रांगेतल्या पोराटोरांनाही कळत होतं. काहींना तर सहादूचं दूध आपल्या कॅनात नकोच होतं, त्यांना आयतं निमित्त मिळालं. सहादू मग सायकलला किटल्या बांधून सोनईला जाऊ लागला आणि हप्ताही तिथंच स्वतः भरू लागला. ऊन असं, की बऱ्याचदा दूध वाटेतच नासायचं. निवडणूक उरकल्यावर त्याच्या दुधाला आपोआप फॅट लागायला लागली.

"सहादूकडं जा," राहीबाई म्हणाली. "त्यानं कवाच हप्ता चुकवला न्हाई. समदं गाव जानतं."

बन्सी आठवडाभर गेला नाही. मग एका रात्री वावटळीनं ओसरीचा पत्रा उडवून नेला, आणि सकाळी तो उठून बौद्धवस्तीकडे निघाला. मी सोबत गेलो, कारण एकटं जायला तो तयार नव्हता.

सहादू कडबा तोडत होता. बन्सीनं उसाचा भाव काढला, मग उन्हाळ्याचा, मग सहादूच्या पोराच्या, सचिनच्या कॉलेजचा. मुद्द्यावर काही येईना. सहादूच्या बायकोनं, भागिरथीनं चहा आणून बन्सीपुढं ठेवला.

"घरच्या दुधाचा हाय," ती म्हणाली. "फॅट बगून घ्या."

बन्सीनं मान वर न करता चहा संपवला आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. सहादूनं कोयता खाली ठेवला.

"राहीबाई त्या वक्ताला एकलीच आमच्या दारात आल्ती. नासलेलं दूध इकत घेऊन गेल्ती, खवा करते म्हनून," तो म्हणाला. "तिची पोर गोठ्यात निजती म्हनं. येतो मी बँकेत, चेअरमन."

चेअरमनपद जाऊन बन्सीला वर्ष झालं होतं. सहादू मात्र त्याला अजून चेअरमनच म्हणतो.

बँकेत आम्हा दोघांबरोबर सहादू धुतलेली टोपी घालून आला. साहेबांनी त्याचं खातं काढलं, वरून खाली बोट फिरवत गेले, खूश होत गेले. मग बोट थांबलं.

"इथं एक हप्ता चुकलाय."

"व्हय," सहादू म्हणाला. "त्या महिन्यात दूध वाटंत नासायचं, अन् गावात कुनी घेतलं न्हाई."

"कुणी म्हणजे?"

सहादूनं बन्सीकडं बघितलंही नाही. "गावानं," म्हणाला.

बन्सी शेजारच्याच खुर्चीत होता. मला वाटलं, आता तरी तोंड उघडेल. त्यानं नुसता घाम पुसला. मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, मला तुमचं पटतं हो, पण नगरला कागद जातो, माणूस जात नाही, आणि कागदावर कारण लिहायला जागा नसते. पुढच्या मार्चनंतर या. तोवर दोघांचंही खातं नीट राहिलं तर बघू.

टेम्पोतून उतरताना सहादू म्हणाला, "मार्चात हाक मार. येईन मी." आणि तो वस्तीच्या वाटेला लागला.

राहीबाई तशीच भिंतीशी होती, कोपरापर्यंत चिखलानं भरलेली. तिनं वळून विचारलं, "काय म्हनला सायब?"

"सहादूचा बी एक हप्ता चुकल्याला निघाला," बन्सी म्हणाला.

"कोनच्या महिन्यात?"

बन्सीनं खालच्या चिखलाकडं नजर लावली. कुंपणाच्या अलीकडे आम्हीही माना खाली घातल्या. राहीबाईनं आमच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. नासलेलं दूध तिनं विकत आणलं तोच महिना, हे तिला कळलं. तिनं खाली वाकून चिखलाचा गोळा उचलला आणि त्याच्या धुतलेल्या सदऱ्याची पर्वा न करता त्याच्या हातात दिला.

"थापा," ती म्हणाली. "पाऊस तोंडावर आलाय."