तळ्यातली हिरवी ज्योत

मेलेला माणूस आपल्या माणसांना भेटायला येतोच, हे त्रिवार सत्य आहे. आमच्या तळ्यातला फोरमन दर गुरुवारी, पाच ते सहाच्या दरम्यान येई.

तळं तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्यामागचं. वीस वर्षं कारखान्याचं निळसर पाणी त्यात मुरलं. मग फोरमन त्यात बुडाला आणि कारखाना बंद पडला. वर्षभरात जलपर्णी माजली आणि पाणी नितळ झालं.

"त्यानं विष पचवलं!" तळ्याकाठी मठ थाटलेल्या जलबाबांनी जाहीर केलं. वाळवलेल्या जलपर्णीवर ते पांढरी पूड भुरभुरून काडी लावत. ज्योत हिरवीगार! गर्दी श्वास रोखून उभी. फोरमनची बायको ज्योतीपाशी वाकून हळूच विचारी, "अहो, थंडी वाजते का हो तिथे?"

मग राखेच्या पुड्या वाटल्या जात. रोज चिमूटभर, मधातून.

फोरमनच्या बायकोची पोर चार दिवस उलट्या करत होती.

"विष बाहेर पडतंय," जलबाबा म्हणाले.

त्या गुरुवारी तिची नणंद, फोरमनची बहीण, तळ्यावर आली. ती मिक्सर-पंपांच्या जळलेल्या मोटारींत तांब्याच्या तारेची नवी वायंडिंग भरून देते.

"वहिनी, पोरीला काय चारलंत?"

"तिचे बाबाच आहेत त्यात, ताई. ज्योतीत दिसतात."

नणंदेनं पांढरी पूड बोटावर घेऊन पाहिली. "नवसागर. तारा जोडताना डाग द्यायला आम्ही रोज वापरतो." पिशवीतून तांब्याची जुनी तार काढून तिनं तिच्यावर तो टाकला आणि तार शेजारच्या चहाच्या टपरीतल्या पेटत्या स्टोव्हवर धरली. ज्योत हिरवी!

"हाही माझा भाऊच का? मग मिक्सरच्या मोटारीत काय करत होता?"

"आत्मा तारेतही संचारतो, माते."

"मग ही तार चाटून दाखवा."

जलबाबांना नेमका उपास होता.

"तांबं नाहीसं होत नाही, वहिनी. जलपर्णीनं ते पाण्यातून शोषलं, म्हणून पाणी नितळलं. ती उपटून, नीट बंदोबस्त करून पुरायची असते. तुम्ही ती जाळून पोरीच्या पोटात घातलीत. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसली, तरी ती आणखी कशानं दिसू शकते, एवढं तरी विचारत चला!"

"म्हणजे... ते आलेच नव्हते?"

नणंदेनं पोरीला कडेवर घेतलं. "चला, आधी दवाखाना."

पोर आठवड्यात बरी झाली. डॉक्टरांनी पुड्या परत मागवल्या. वाटल्या होत्या दोनशे बारा, आल्या एक्केचाळीस. वहिनींची आली नाही. ती कपाटात सर्वांत वरच्या फळीवर आहे; पोरीचा हात पोचत नाही तिथे.