दांड्यावरच्या दोन टिचक्या

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. माझ्याकडे सहसा कोणी निरखून बघत नाही. चुकून नजर गेलीच तर लोक मान फिरवतात, आणि खेळाडू तर माझ्या बाजूने जाताना छातीवर क्रूसाची खूण करतात. पूर्वी मला याचे वाईट वाटायचे. आता सवय झाली आहे.

माझा जन्म बाल्दोरिया नावाच्या गावी, कोळसा खाणीतल्या सुतारखान्यात झाला. सेल्सो नावाच्या सुताराने चिवट लाकडाचे दोन दांडे तासले आणि त्यांच्यामध्ये जाड कॅनव्हास ताणून शिवले. माझी पहिली परीक्षा घ्यायला त्याने स्वतःच्या धाकट्या मुलीला, एलविराला, माझ्यावर झोपवले आणि दोघा गड्यांना पळायला सांगितले. ती पोर अशी खिदळली की सगळा सुतारखाना हातातले काम टाकून बघत राहिला.

"हसू दे तिला," सेल्सो गड्यांना म्हणाला. "पण तुम्ही लक्षात ठेवा. खाली माणूस पडला की कोण, कसा, कोणाची चूक, काही विचारायचं नाही. उचलायचं आणि धावायचं."

खाणीत मी तेच पाहिले. अपघाताचा भोंगा वाजला की कोणी काही विचारायचे नाही, माझे दांडे पकडून सुटायचे. मी वर आणलेली सगळीच माणसे जिवंत नव्हती. त्यांना घेऊनही गडी धावतच यायचे.

मग खाण बंद पडली. सुतारखान्याला कुलूप लागले, आणि मला गावच्या फुटबॉल क्लबाने नेले. गावाचा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि कधी ना कधी पहिल्या श्रेणीत जायचे, या एकाच आशेवर गाव जगत होते. मला उचलायला दोघे पुढे आले. पुढे तिनो, तो एरवी टॅक्सी चालवायचा. मागे, पडलेल्या माणसाच्या डोक्याशी, एलविरा. सेल्सोची तीच खिदळणारी मुलगी. आता तिचे बेकरीचे दुकान होते आणि हातांना पिठाचा वास यायचा.

इथे मला नवीन रीत शिकावी लागली. मैदानात कोणी पडले की उचलणारे आधी धावफलकाकडे बघत. आपण मागे असलो आणि समोरच्या संघाचा खेळाडू पडला असला, तर त्याला माझ्यावर टाकून असे पळवत की तो घाबरून स्वतःच उडी मारायचा. आपण पुढे असलो आणि आपला खेळाडू पडला, तर मात्र अंत्ययात्रेच्या चालीने निघायचे. तेवढाच वेळ जातो. प्रेक्षक हसून टाळ्या वाजवायचे. तिनो तर ओरडून सांगायचा, "मीटर चालू आहे मंडळी, घाई कसली?" सगळ्या मैदानांवर असेच चालते म्हणे. मीही हसायला शिकलो. नाही म्हणणार कसे? मला कोण विचारतो!

त्याच सुमारास दावू चोलोम आला. नायजेरियातल्या जोसचा, मिसरूड नुकते फुटलेला. आफ्रिकेतला मुलगा आमच्या थंडीने गारठून जाईल म्हणून एलविराने त्याच्यासाठी लोकरीची टोपी विणून आणली. तो हसत सुटला.

"आंटी, आमचं जोस डोंगरावर आहे. तिथंही दात वाजतात. हां, हा तुमचा रोजचा पाऊस मात्र छळ आहे."

"आणि वडील काय करतात रे?"

"शाळेत शिकवतात. आजोबा कथिलाच्या खाणीत होते."

"खाणीत?" एलविराने त्याला आपादमस्तक पाहिले. "मग तू आमच्याच घरचा की! रविवारी फाबादा खायला ये, आमचा घेवड्याचा गरम रस्सा. आणि टोपी घाल गुपचूप."

मित्रांनो, दावू मैदानाच्या मधोमध खेळायचा. गोल करणारे वेगळे असत, त्यांचे फोटो छापून येत. दावूचे काम चेंडू हिसकावायचा आणि पुढच्याच्या पायात नेऊन ठेवायचा. तो असला की कोणाच्या लक्षात यायचा नाही, आणि एखाद्या सामन्यात नसला की संघाची शिवण उसवायची. खाणीतली म्हातारी माणसे प्रेक्षकांत बसून म्हणायची, "हा पोरगा म्हणजे बोगद्यातला टेकू आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

आणि तो कधी पडत नसे. लाथ बसली तरी लंगडत उठायचा.

"मी खोटं पडलो आणि आजीनं टीव्हीवर पाहिलं, तर ती दोन दिवस जेवायची नाही," असे तो तिनोला सांगायचा.

"मग टीव्ही बिघडव तिचा," तिनो म्हणायचा.

दावूच्या अंगाचा भार म्हणूनच मला ठाऊक नव्हता. किती बरे होते ते!

त्याला दक्षिणेतल्या एका बड्या संघाने नेले. गावाने त्याला खांद्यावर घेऊन निरोप दिला. पुढची वर्षे त्याची बातमी मला खोलीच्या दारातल्या गप्पांतूनच कळायची. सुरुवातीला तो चमकला, मग नवा कोणी आला आणि दावू बाकावर बसू लागला. मग या गावाला उसना, त्या गावाला उसना. अखेर तिशी ओलांडल्यावर तो आमच्याकडे परत आला, एका हंगामाच्या करारावर. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण मधली जागा त्याने पहिल्या दिवसापासून सांभाळली, आणि संघ वर चढू लागला.

आमचे मिस्टर, म्हणजे प्रशिक्षक, तेव्हा आन्सेल्मो होते. माणूस वाईट नव्हता, पण जिंकण्यापुढे त्यांना काही दिसत नसे. एकदा त्यांनी दावूला माझ्या शेजारीच उभे करून सांगितले.

"शेवटची मिनिटं आली, आपण पुढं असलो, आणि मी डोक्यावर हात ठेवला, की तू पडायचं."

"मिस्टर, मी? मला नाही जमत ते."

"म्हणून तर तू. बाकीचे पडले की पंच हसतो. तू पडलास की त्याला खरं वाटतं. पुढच्या वर्षीचा करार हवाय ना?"

दावू बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला. पुढच्याच रविवारी तो पडला. खोटे झोपलेल्या माणसाचे अंग ताठ असते, तसे त्याचे होते. एलविरा घाबरून वाकली, तेव्हा त्याने डोळा न उघडता माझ्या दांड्यावर दोन टिचक्या मारल्या. टक, टक. म्हणजे, मी ठीक आहे आंटी, सावकाश चला. एलविराचा जीव भांड्यात पडला. तिनोने मीटर चालू केला. तेव्हापासून ती त्यांची खूणच झाली.

हिवाळ्यात मला पहिल्यांदा ते जाणवले. माझ्यावर निजलेल्या माणसाच्या काळजाचे ठोके कॅनव्हासमधून माझ्या दांड्यांत उतरतात. खाणीत मी सगळ्या तऱ्हेचे ठोके ओळखायला शिकलो होतो. दावूचे ठोके पळायचे, मध्येच पायरी चुकल्यासारखे अडखळायचे, गप्प व्हायचे, आणि पुन्हा पळत सुटायचे. वर तो दोन टिचक्या मारून सांगत होता, ठीक आहे. खाली माझे लाकूड गार पडत होते. प्रत्येक खेपेला ते गप्प होणे थोडे लांबायचे. हे मी कोणाला सांगू?

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर पहिली श्रेणी. आदल्या दिवशी एलविरा माझे कॅनव्हास घासून धूत होती, तर दावू येऊन पायरीवर बसला. जिना चढल्यासारखा धापा टाकत होता.

"काय रे? चेहरा का असा राखेसारखा?"

"काही नाही आंटी. छातीत कधी कधी घोडा सुटतो, आणि मग कोणीतरी त्याचा लगाम ओढतं. उद्या संपलं की विश्रांती."

तिच्या हातातला ब्रश थांबला. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं आणि त्यांनी खेळू नको म्हटलं तर? मी आयुष्यभर मध्ये उभा राहून दुसऱ्यांना वर चढवलं. एकदा, एकदाच मलाही वर जायचंय. तुमच्याबरोबर."

"मी आत्ता जाऊन मिस्टरना सांगते."

"आंटी, पाया पडतो. उद्याचा दिवस फक्त."

एलविराने ब्रश बादलीत टाकला. "सोमवारी सकाळी तुझा कान धरून नेणार आहे. तयार राहा," ती म्हणाली, आणि माझे कॅनव्हास इतक्या जोरात पिळले की शिवण करकरली.

मित्रांनो, सोमवार येतोच असे आपण किती सहज धरून चालतो.

सामन्याला सगळे गाव लोटले होते. ऊन लख्ख होते आणि वारा अजिबात नव्हता. दुकाने बंद करून आलेल्या बायका, टेकूसारख्या काठ्या घेतलेले म्हातारे, ढोल, झेंडे. एका गोलने आम्ही पुढे गेलो आणि लोक उभेच राहिले, ते कोणी खाली बसेना. शेवट जवळ आला. मी रेषेबाहेर पडून मिस्टरांकडे बघत होतो. त्यांचे हात खिशात होते, ते बाकावरच्या कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवलाच नव्हता.

आणि दावू पडला.

कोणी त्याला धक्का दिला नव्हता. चेंडूही जवळ नव्हता. तो दोन पावले चालला आणि कोट खुंटीवरून गळावा तसा खाली गेला. गावात हशा पिकला. टाळ्या सुरू झाल्या.

"वाह रे दावू! अगदी वेळेवर!"

समोरच्या संघाचे खेळाडू त्याच्याभोवती जमले. "ऊठ रे नाटक्या!" म्हणत एकाने त्याचा हात धरून ओढला. हात सोडला, तसा तो गवतावर आपटला. पंचाने वैतागून आम्हाला बोलावले.

तिनो आणि एलविरा मला घेऊन निघाले. रीतीप्रमाणे, अगदी सावकाश. तिनो तर वरातीत चालल्यासारखा पाऊल टाकत होता. लांबच लांब वाटले मला ते मैदान. त्यांनी दावूला माझ्यावर ठेवले, आणि त्याच क्षणी मला कळले. त्याचे अंग ताठ नव्हते. सगळा भार माझ्यात उतरला. असा भार मी खाणीनंतर उचलला नव्हता. मी ठोक्याची वाट पाहिली. ठोका नव्हता.

एलविरा टिचक्यांची वाट बघत होती. चार पावले गेली, दहा गेली.

"दावू," ती हळूच म्हणाली, "टिचकी मार ना."

तिनो पुढे मान वेळावत होता. "मीटर चालू आहे मंडळी!"

"पोरा, टिचकी मार. गंमत नको करूस."

त्याचा हात दांड्यावरून घसरला आणि खाली लोंबू लागला.

"तिनो, धाव!"

"अगं वेडी झालीस का? एका गोलनं पुढं आहोत!"

"धाव म्हणते ना! धाव!"

तिनोने मागे वळून तिचा चेहरा पाहिला. मग तो धावला. दोघेही धावले, सेल्सोचे गडी धावायचे तसे. आणि मित्रांनो, आमच्याच लोकांनी, दावूवर जीव टाकणाऱ्या लोकांनी, निषेधाच्या शिट्ट्या मारायला सुरुवात केली. "सावकाश! सावकाश!" सगळे मैदान एका तालात टाळ्या वाजवत ओरडत होते. ढोलानेही तोच ताल धरला. कोणीतरी भिरकावलेली बसायची उशी येऊन एलविराच्या पाठीवर आदळली. ती थांबली नाही.

रुग्णवाहिकेतली डॉक्टरीण गुडघ्यांवर बसून दावूची छाती दाबू लागली, तेव्हा ढोल थांबला. तिचा प्रत्येक दाब माझ्या दांड्यांपर्यंत येत होता. इतकी माणसे एकदम गप्प झालेली मी फक्त खाणीच्या तोंडाशी पाहिली होती.

आम्ही तो सामना जिंकलो. गाव पहिल्या श्रेणीत गेले. त्या रात्री कोणी नाचले नाही.

दावू जगला. पण काळीज फार वेळ गप्प राहिले होते. किती वेळ, हे एलविराने कधी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. तिनोने त्यानंतर मीटरचे नाव काढले नाही.

पानगळीच्या दिवसांत त्याची बायको लादी त्याला हाताला धरून निरोप घ्यायला घेऊन आली. ते जोसला परत चालले होते. डोक्यावर एलविराची जुनी टोपी होती.

"आंटी," तो शब्द शोधत शोधत म्हणाला, "आपण जिंकलो का?"

"जिंकलो, बाळा."

तो हसला. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "आंटी, आपण जिंकलो का?"

"जिंकलो. तूच वर नेलंस आम्हाला."

लादीने तोंड फिरवले. तिसऱ्यांदा त्याने विचारले, तेव्हाही एलविराने पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर दिले. मग त्याचा हात आपला आपण माझ्या दांड्यावर आला. बोटे हलायचा प्रयत्न करत होती. मला कळत होते, त्यांना काय करायचे आहे. ती उचलेनात. शेवटी एलविरानेच त्याच्या हाताशेजारी दोन टिचक्या मारल्या. टक, टक.

त्यानंतर जोवर माझे दांडे एलविराच्या हातात होते, तोवर आम्ही धावलो. कोणीही पडो, धावफलक काहीही सांगो. समोरचे संघ हसायचे. एकदा त्यामुळे वाचलेल्या वेळात आमच्यावर गोल झाला, आणि गावाने तिच्यावर शिट्ट्या मारल्या. "मारू देत," ती म्हणाली. पुढच्या रविवारीही ती धावली. मग तिचे गुडघे गेले, आणि माझे कॅनव्हास उंदरांनी कुरतडले.

आता मी गोलाच्या जुन्या जाळ्यांखाली अडगळीच्या खोलीत पडून आहे. माझ्या जागी मोटारीची छोटी गाडी आली आहे. मला त्याचे दुःख नाही. मला डागडुजी नको, रंग नको, संग्रहालयातली जागाही नको. माझे मागणे एवढेच आहे, की तुमच्यासमोर कोणी पडले तर आधी धावा. नाटक असेल तर नंतर हसायला भरपूर वेळ मिळेल.

काल सामना होता. ओरडण्यावरून कळले की आपण एका गोलने पुढे आहोत. मग टाळ्या आणि हशा ऐकू आला, आणि त्या गाडीचे इंजिन सुरू झाले. गाडी दाराबाहेरून गेली. अगदी सावकाश जात होती. वर कोण होते, ते मला इथून दिसले नाही.