पायाखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी, मासळी वाहणारी व्हॅन आहे. माझ्याजवळ येताना खुशाल नाक धरा, मला राग येणार नाही. माझी मलाच किळस येते, तर तुम्हाला का येऊ नये? मढच्या कोळीवाड्यात, जाळी वाळत घालतात त्या मोकळ्या जागेला लागून मी उभी असते. गावातली मांजरं तेवढी माझ्यावर जीव टाकतात. बाकीची माणसं वळसा घालून जातात.

पण मी जन्मापासून अशी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा पांढरा रंग दुधासारखा होता. मुलुंडच्या सुहासिनीबाईंनी मला शाळेच्या मुलांची ने-आण करायला घेतलं. बाई स्वतः मला चालवत. शेवटचं मूल उतरलं की त्या झाडू घेऊन आत शिरत आणि सीटखालचा बिस्किटांचा चुरा, पेन्सिलींची टरफलं, कुणाचं तरी उष्टं चॉकलेट, सगळं काढून टाकत. कुठे जरा खुट्ट वाजलं की त्याच दिवशी मला गॅरेजात नेत. "लोकांची पोरं बसतात हो आत. मला झोप लागत नाही," असं त्या मेकॅनिकला सांगत.

माझ्या तळाला काही लहान भोकं आहेत. ती गंजून पडलेली नाहीत, कारखान्यातच पाडलेली आहेत. आत पाणी सांडलं तर ते खाली गळून जावं आणि पत्रा कोरडा राहावा, एवढ्यासाठी ती असतात. बाई दर रविवारी रबरी चटई उचलून, एक तार घेऊन ती भोकं मोकळी करायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते एवढेच.

पुढे बाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी मला विकलं. मला घेतलं मढच्या चंदरने. तिशीच्या आतला, दणकट, तोंडाने फाटका, पण मनाने वाईट नाही. हे शेवटचं मी नाइलाजाने सांगते आहे. त्याचे वडील वारलेले. घरची होडी थोरला भाऊ मधुकर सांभाळतो. आई कमळबाई बोरिवलीच्या बाजारात ओट्यावर बसून मासळी विकते. पहाटे आईला आणि बर्फातल्या पेट्यांना बाजारात पोचवायचं आणि मग अंधेरीच्या सोसायट्यांतून फोनवर आलेल्या ऑर्डरी वाटत फिरायचं, हे चंदरचं काम.

मी आल्याबरोबर त्याने माझ्या मागच्या सीट उचकटून काढल्या आणि तिथे पेट्या रचल्या. मासळीचं मला वावडं नाही, मित्रांनो. मासळीवर हे घर जगतं, आणि ताज्या पापलेटाला वास असा नसतोच. पण बर्फ वितळतो, त्याचं पाणी होतं, त्या पाण्यात मीठ असतं, खवले असतात, बोंबलांचा बुळबुळीतपणा असतो. ते पाणी चटईखाली जायचं आणि भोकांतून गळून जायचं. तोपर्यंत मी सहन करत होते.

एकदा अंधेरीच्या एका सोसायटीत वॉचमन ओरडला, "ओ मासळीवाले, गाडीतून पाणी टपकतंय! सगळी लादी घाण केली. उद्यापासून गाडी बाहेर लावायची." चंदरला ते लागलं. घरी आल्यावर त्याने चटई उचलली आणि माझी भोकं बघून कपाळावर हात मारला. "च्यायला, तळाला भोकं! आणि त्या बाईने सांगितलं पण नाही!" लगेच तो मधुकरकडे गेला, होडीच्या डागडुजीतून उरलेलं फायबर घेऊन आला आणि एकेक भोक बुजवून मोकळा झाला.

त्याचंही काय चुकलं म्हणा! होडीवर वाढलेल्या माणसाला तळाला भोक दिसलं की हात शिवशिवतात. भोक म्हणजे बुडणं, हेच त्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. पण होडीत पाणी बाहेरून आत येतं, माझ्यात ते आतून बाहेर जात होतं. एवढा साधा विचार त्याने केला नाही, आणि त्या दिवसापासून मी चालतं-फिरतं डबकं झाले. चढावर पाणी मागे जाई, ब्रेक दाबला की पुढे कमळबाईंच्या पायांशी येई. चटईखाली अळ्या झाल्या. खारं पाणी माझा पत्रा रात्रंदिवस चाटत राहिलं. शी! आठवलं तरी अंगावर शहारा येतो.

आता दुसरी गोष्ट. चंदरला गेमचा नाद. टीव्हीला जोडायचा एक महागडा डबा त्याने घेतलेला आहे आणि शेजारचा विपुल नि तो हातात बटणं घेऊन तासन्‌तास खेळत बसतात. माणसाने खेळू नये असं मी म्हणत नाही. दिवसभर उन्हात ट्रॅफिकमध्ये शिव्या खाल्ल्यावर घटकाभर कुणाला विरंगुळा नको? पण खेळण्यापेक्षा त्याचा जास्त वेळ गेमच्या किमतींवर चरफडण्यात जायचा, आणि ते चरफडणं मला ऐकावं लागायचं, कारण विपुल पुष्कळदा पुढच्या सीटवर असे.

"अरे यार, पाच हजार! एका गेमचे पाच हजार! डोकं फिरलंय काय यांचं?"

"सेलची वाट बघ ना," विपुल म्हणायचा.

"सेल लागेपर्यंत सगळे खेळून मोकळे होतात. आणि घेऊन तरी काय, अर्धवट गेम विकतात साले! उरलेला तुकड्यातुकड्याने विकत घ्या. काही बिघाड असला तर म्हणे दुरुस्ती मागाहून पाठवतो. आधी पैसे, मग दुरुस्ती! कस्टमर काय येडा आहे?"

हे तो बोलत असताना माझ्या पोटात कालचं, परवाचं, तेरवाचं पाणी डचमळत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुरुस्ती मागाहून करणाऱ्यांवर एवढी आग ओकणारा हा माणूस मला गॅरेजचं तोंड दाखवत नव्हता. त्याचा आवडता शब्द 'बघू'. सडक्या कोळंबीपेक्षा मला त्या शब्दाची जास्त किळस आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढतात, खरवडतात, सांधतात, रंगवतात. होडी म्हणजे घरची लक्ष्मी. मी मात्र डबा. चंदरही मला डबाच म्हणायचा. नारळी पौर्णिमेला होडीला नवा रंग, नवे झेंडे, नारळ. दसऱ्याला माझ्याही गळ्यात झेंडूची माळ पडायची, पण त्या माळेखाली गंजाचे पापुद्रे सुटत होते आणि कुणी चटई उचलून बघत नव्हतं.

बघितलं ते कमळबाईंनी. एका पहाटे त्या म्हणाल्या, "चंदर, माजे पायाखाली नरम लागतंय रं. पत्रा खाल्लेला हाय."

"बघू गं आये, दिवाळी झाली की."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मधुकरच्या होडीची एक जुनी फळी आणली, पायाखाली टाकली आणि तिच्यावर पाय ठेवून बसू लागल्या. बिचारीने स्वतःचा जीव स्वतःच सांभाळला. तरीही त्यांच्या आग्रहाने चंदर एकदा मला मालवणीच्या धोंडिराम मेकॅनिककडे घेऊन गेला. धोंडिरामने पान्ह्याने ठोकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडावा लागेल. आणि भोकं मोकळी कर बाबा, आत तळं झालंय." खर्चाचा आकडा ऐकून चंदर उसळला, "ही पण लूटच! तुझ्याकडे सेल-बिल नाय का?" धोंडिराम हसला आणि चंदरने मला तशीच परत आणली.

गणपती गेले तशी कमळबाईंनी आपल्या बटव्यातून पैसे काढून चंदरच्या हातावर ठेवले. "आज जा नि नवा पत्रा टाकून आण. आजच्या दिस मी बसने जाईन." बाजारात ओट्यावर बसून, ओल्या हातांनी, गिऱ्हाइकांशी घासाघीस करून मिळवलेले पैसे होते ते. चंदर निघाला तो खरंच धोंडिरामकडे जायला निघाला होता. वाटेत विपुलचा फोन आला. फुटबॉलचा नवा गेम मालाडच्या दुकानात आला होता आणि हातोहात संपत होता.

चंदरने मला त्या दुकानासमोर उभी केली. बराच वेळ तो आत होता. बाहेर आला तेव्हा हातात चकचकीत डबी होती आणि तोंडात शिव्या. "घेतले ना चोरांनी पाच हजार!" माझ्या पत्र्याचे पैसे देऊन, वर त्या दुकानदाराला चोर म्हणत तो माझ्यात येऊन बसला. मित्रांनो, मला ओकता आलं असतं तर मी तिथेच, भर रस्त्यात ओकले असते.

धोंडिरामकडे तो गेलाच नाही. संध्याकाळी त्याने पुन्हा फायबरचा डबा उघडला, आईच्या पायाखालच्या गंजावर तसाच जाड लेप थापला, वरून काळा रंग मारला आणि दूर होऊन बघत म्हणाला, "झकास! दिवाळीत खरं काम करू." खाली गंज, वर लेप, आणि मधे कोंडलेलं पाणी. होडीच्या मजबूत लाकडावर तो लेप टिकतो. माझ्या कुजलेल्या पत्र्यावर तो काय धरून बसणार होता?

दुसऱ्या दिवशी पहाटे कमळबाईंनी पाय आपटून पाहिला. ताजा लेप दगडासारखा लागला. "बेस झाला," त्या समाधानाने म्हणाल्या. "लावला बाबा एकदाचा मार्गी." आणि त्यांनी ती फळी उचलून मधुकरकडे परत पाठवून दिली.

तो क्षण मी विसरणार नाही. इतके महिने त्या फळीने त्यांना वाचवलं होतं, आणि चंदरच्या खोट्या दुरुस्तीने ती काढून घेतली. चंदर स्टिअरिंगवर बसून हे बघत होता. "राहू दे गं फळी," एवढं तरी तो म्हणू शकला असता. त्याने तोंड उघडलं आणि जांभई दिली.

लेप पुरते चार आठवडेही टिकला नाही. त्या दिवशी पापलेटाची भरलेली पाटी कमळबाईंनी पायांत घेतली होती. मार्वे रोडवर एका गतिरोधकावरून चंदरने मला जरा जोरातच काढलं आणि माझा पत्रा पाटीसकट खाली गेला. बाईंचा उजवा पाय माझ्यातून आरपार रस्त्यावर लागला. खाली डांबर सरकत होतं. त्यांची किंकाळी आणि चंदरचा ब्रेक, दोन्ही एकदमच. मी थांबेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चंदर गुडघ्यांवर बसून रडत रडत आईचा पाय सोडवू लागला. माझ्याच पत्र्याच्या धारदार कडा त्या पायात रुतल्या होत्या. रक्त, बर्फाचं पाणी आणि चेचलेली मासळी यांचा रस्त्यावर चिखल झाला. कमळबाईंच्या हाताला लेपाचा एक तुटका तुकडा आला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, नाकाशी नेला. सगळा जन्म होड्यांत गेलेली बाई ती, तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"हा तर होरीचा लेप हाय," त्या म्हणाल्या. "धोंडीने होरीचा लेप कसा लावला?"

चंदरने पत्र्याची शेवटची कड वाकवून पाय मोकळा केला.

"मी पैसे दिलेले ते?"

"आये, दिवाळीत मी नक्की..."

"पैसे कंच्या कामाला लावलेस, तेवढा सांग."

"गेम घेतला," चंदर खाली मान घालून म्हणाला.

बाईंनी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी तो तुकडा रस्त्यावर टाकला आणि येणाऱ्या रिक्षाला स्वतःच हात केला.

घोट्याचं हाड मोडलं होतं. कित्येक दिवस बाई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून घरात पडून राहिल्या आणि बोरिवलीचा त्यांचा ओटा रिकामा राहिला. चंदरने तो गेमचा डबा, गेमसकट, मिळेल त्या भावात विकला. धोंडिरामकडे दोन दिवस माझ्यापाशी बसून जाड पत्रा टाकून घेतला, भोकं मोकळी केली, चटई जाळली. आता तो रोज मला धुतो. गावातले लोक म्हणतात, पोरगा सुधारला. मला काही त्याचं कौतुक वाटत नाही. आईचा पाय मोडल्यावर पत्रा टाकला याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. करंट मारणारा गीझर असेल, डगमगणारा जिना असेल, ब्रेक न लागणारी सायकल असेल. तुमच्या घरातलं कुणीतरी त्याच्यावर रोज विसंबतं. खेळा, मजा करा, महागाईला हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण आपल्या माणसाच्या पायाखालचं काम 'बघू' म्हणून ठेवू नका. आणि ठेवलंच, तर निदान झालं असं खोटं सांगू नका.

कमळबाई आता पुन्हा बाजारात जातात, हातात काठी असते. पहाटे चंदर दार उघडतो. आधी स्वतः आत चढतो, आईच्या पायाच्या जागेवर दोन्ही पायांनी उभा राहून उड्या मारून दाखवतो, मग उतरून म्हणतो, "घट्ट आहे गं आये. बस." कमळबाई त्याच्याकडे बघत नाहीत. त्या काठी उचलतात, नव्या पत्र्यावर कोपऱ्याकोपऱ्यात ठोकून बघतात, आणि मगच आत पाय ठेवतात.