पाल्याचे डाग

नाक मुरडू नका. मी मोठं आतडं बोलतंय. शर्टाच्या कॉलर शिवणाऱ्या एका बाईच्या पोटात पंचेचाळीस वर्षं मुकाट राबतंय.

लहानपणी मी छान गुलाबी होतं. सकाळी मी हाक द्यायची, मालकिणीने ऐकायची, एवढाच आमचा करार. पुढे ती कारखान्यात लागली. तिथे काम हातोहात पुढे सरकतं. एक बाई उठली की पुढचीचं मशीन अडतं आणि सगळ्याजणी माना वळवून बघतात. म्हणून ती माझ्या हाका दाबत राहिली. शेवटी मीही नाद सोडला.

मग मोठ्या जावेने पाल्याची पूड दिली. "चमचाभर घे, पोट कसं लख्ख होईल." झालंही. पण एकाचे दोन चमचे झाले, वीस वर्षं गेली. माझ्या अंगावर काळपट डाग चढले आणि आपणहून हलायचं कसं, हेच मी विसरून गेलं.

गेल्या महिन्यात पोट फारच दुखलं, तेव्हा लेकीने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नळीतून कॅमेरा आत घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज कुठलं औषध घेता?"

"कुठलंच नाही."

ती खोटं बोलत नव्हती. पाल्याला ती औषध मानतच नव्हती. बाईंनी माझे चार बारीक कण तपासायला काढून घेतले.

आठ दिवस कॅन्सरच्या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला. तिने नवऱ्याला कुकर लावायला शिकवलं. रोग धुऊन निघावा म्हणून पुडीचे तीन चमचे घेऊ लागली. मी नुसतं पिळवटून निघालं.

"कॅन्सर नाही," रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या. "पण वर्षानुवर्षं जुलाबाचं काही घेतल्याशिवाय असे डाग सहसा पडत नाहीत."

"आई, ती पूड सांग ना," लेक म्हणाली.

"अगं, पाला तो. पाला काय औषध असतो?"

"डाग त्याचेच आहेत, ताई. बंद करा. जातील हळूहळू, वर्षभर तरी लागेल."

आज पूड बंद करून तिसरा दिवस. मी अजून हललेलं नाही. मालकीण ओट्याशी उभी आहे, कामाची वेळ झाली आहे आणि तिने पुडीचा डबा उघडला आहे.

बाई, आत्ताच मी एक हाक दिली. फार बारीक होती, सवय गेली आहे माझी. झाकण लाव. आज कामावर उशीर झाला तर होऊ दे.