नैवेद्याचं जांभळं सरबत

अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहणाऱ्या गुरुनाथकाकांनी आयुष्यभर केमिकल प्लांट उभारले आणि एकदाही स्फोट होऊ दिला नाही, असं ते स्वतःच सांगत. त्या भरवशावर शेजारच्या आश्लेषानं आपल्या परसातली पिकलेली एल्डरबेरीची बारीक जांभळी फळं त्यांना सरबतासाठी तोडू दिली. समजावलंही नीट होतं. छत्रीसारखा पसरट घोस तो आपला. कुंपणाशी लाल देठावर द्राक्षांसारखं लोंबतंय ते पोकवीड, विषारी, त्याला हात लावायचा नाही. आपल्या घोसातलीही हिरवी फळं, पानं, देठ काढून टाकायचे. उरलेलं अर्धा तास चांगलं उकळायचं, मग गाळायचं. कच्चं पोटात गेलं तर पोट ठेवून घेत नाही.

काकांनी ज्युनियर इंजिनियरचं प्रेझेंटेशन ऐकावं तशी मान डोलावली.

गणपतीच्या दिवशी काकांच्या घरी आरती सुरू झाली आणि आश्लेषाला मखराशेजारी जांभळ्या सरबताचं पातेलं दिसलं. वर फेस होता. फेसात देठांचे हिरवे तुकडे.

"काका, हे किती वेळ उकळलंत?" टाळ्या वाजवतच तिनं विचारलं.

"उकळणार कसं? मध आहे ना त्यात. मध तापवला की विष होतं."

"मध नंतर घालायचा होता!"

"मी मिक्सरमध्ये सगळं एकदम फिरवलं. मग उगाच विषाची रिस्क कशाला?"

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. मराठी माणूस डॉक्टरचं औषध नाकारतो, गणपतीचा प्रसाद नाकारत नाही.

"कुणी चाखलं तर नाही ना?"

"नैवेद्याआधी चाखतं का कुणी?" काका ताठ मानेनं म्हणाले. पण एसी चालू असून त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. पुढच्या आरतीला त्यांच्या टाळ्या थांबल्या. त्याच्या पुढच्या आरतीला त्यांनी सोफ्याची पाठ घट्ट धरली.

आश्लेषानं पॅसेजमध्ये जाऊन विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या नर्सनं एवढंच विचारलं, कोण प्यायलं आणि किती? फोन कानाला लावूनच ती परत आली.

"काका, मळमळतंय?"

"उपास आहे."

"तुमच्या उपासाला दोन प्लेट साबुदाणा लागतो. खरं सांगा."

तेवढ्यात कापूर विझला, नैवेद्य दाखवून झाला आणि अहिल्याकाकूंनी पातेल्यात पळी बुडवली. पहिली वाटी जावयाच्या, गिरीशच्या हातात.

"काकू, देऊ नका! कच्चं आहे ते!"

"अगं, प्रसादाला असं बोलू नये. आणि आमचे हे केमिकल इंजिनियर आहेत."

"अरे यार, पिऊ की नको?" गिरीशची वाटी ओठांशी थांबली. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. दोघांत गणपती जास्त क्षमाशील वाटत होता.

"जाऊ दे, सासूबाईंचा मान," म्हणत गिरीशनं वाटी तिरकी केली.

"पिऊ नको!" काका ओरडले. "मी... मी मघाशी चाखलंय."

"किती?" आश्लेषानं फोन पुढे केला.

"एक वाटी."

"काका."

"दोन. पहिल्या वाटीत मध कमी वाटला."

एवढं बोलून ते बाथरूमकडे धावले. निवृत्तीनंतर त्यांना असं धावताना कुणी पाहिलं नव्हतं. गिरीशनं वाटी खाली ठेवली आणि बोटं झब्ब्याला पुसली.

नर्स म्हणाली, वाट बघू नका, इमर्जन्सीत न्या. आश्लेषा गाडी चालवत होती. मागे काका, हातात इंडियन ग्रोसरीची पिशवी, तोंडाखाली धरलेली. शेजारी काकू. हॉस्पिटलची पाटी दिसली तशा त्या काकांकडे वळल्या.

"म्हणजे बाप्पाला उष्टं दाखवलंत."

"अगं, मी इथे मरतोय..."

"म्हणूनच विचारतेय. माफी मागून घेतलीत का?"

काकांनी पिशवीत तोंड घातलं. उलटीसाठी की उत्तर टाळायला, हे आश्लेषाला आरशात कळेना. तिनं गाडीचा वेग मात्र वाढवला.